खोटी धूळ

छंदी माणसाची थट्टा करण्याचा हक्क जगानें पहिल्यापासून स्वतःकडे राखून ठेवला आहे. टपालाचीं तिकिटें जमविणारा निदान शहाण्यांत मोडतो. बाग करणाऱ्याला चार फुलें तरी दाखवितां येतात. पण पन्नाशी उलटलेला प्राध्यापक टेबलावर वीतभर लांबीचीं आगगाडीचीं इंजिनें मांडून बसला, तर त्याची बाजू कोण घेणार? त्यांतून तो नव्या कोऱ्या डब्यावर मुद्दाम गंज आणि धूळ रंगवीत असेल, तर घरच्या माणसांनींहि शंकित व्हावें यांत नवल नाहीं. "अहो, भिंतीवरचे डाग जावेत म्हणून आपण रंगारी बोलावतों, आणि तुम्ही नव्या वस्तूवर डाग पाडतां!" हें आमच्या घरांतलें नित्याचें सुभाषित आहे. पुण्यास कोथरूडला भाऊ जोशी यांनीं 1998 सालीं उघडलेल्या लघुरेल्वेच्या संग्रहालयांत गेलें, कीं आपण अगदींच एकटे नाहीं एवढा दिलासा मला मिळतो.

वस्तुतः या उद्योगाला संयम फार लागतो. आपल्याकडच्या गाड्यांच्या प्रतिकृति थोड्याच मिळतात. म्हणून पुष्कळदां परदेशी डबा आणावा, त्याचा मूळचा रंग उतरवावा, अस्तराचा पातळ हात द्यावा आणि मग आपल्या गाडीचा रंग फवारावा लागतो. हात जाड पडला कीं खिडक्यांच्या कडा बुजतात. परंतु खरी परीक्षा मळ चढवितांना होते. दख्खनची राणी 1 जून 1930 रोजीं सुरू झाली, तेव्हां तिचे दोन संच होते: एक रुपेरी, लाल कडांचा, दुसरा गर्द निळा, सोनेरी रेघांचा. तिच्या छपरावर कोणी कोळशाची काजळी फासली, तर तें अज्ञान होय; कारण ती पहिल्यापासून विजेच्या इंजिनामागें धावली. तिचा मळ खालीं शोधावा लागतो. बोरघाटाचा चढ 37 फुटांस 1 फूट आहे. उतरतांना ब्रेक चाकांवर घासून लोखंडाची भुकटी उडे, ती गंजे, आणि डब्याच्या खालच्या अंगाला तांबूस तपकिरी कळा येई. म्हणजे मळ रंगवावयाचा तर आधीं रस्ता ठाऊक पाहिजे.

आमच्या गाड्या खऱ्याच्या 87व्या हिश्शाएवढ्या असतात. घरांतल्या धुळीचा अर्ध्या मिलिमीटरचा कण त्या मापानें चार सेंटिमीटरांहून मोठा दगड ठरतो. तेव्हां खरी धूळ मऊ कुंचल्यानें झाडावयाची आणि खोटी धूळ प्राणपणानें जपावयाची, असा हा उफराटा संसार आहे. करंजाड्याच्या दमट पावसाळ्यांत तर पुस्तकांनाहि बुरशी चढते. फोममध्यें डबा ठेवावा, तर जुना फोम चिकट होऊन रंगाला धरतो. कपाटांत डांबराच्या गोळ्या टाकाव्या, तर त्यांच्या वाफेनें कांहीं जातींचें प्लॅस्टिक मऊ पडतें. शेवटीं जुनी धुतलेली मलमल, घट्ट झांकणाचें खोकें आणि ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी, हाच मार्ग मीं पत्करला.

माझे वडील माटुंग्याच्या रेल्वे-कारखान्यांत डबे रंगवीत. मळून आलेला डबा नवा करून धाडणें, यांतच त्यांचें आयुष्य गेलें, आणि त्या कमाईवर मी इंग्रजी वाङ्मय शिकलों. उतारवयांत त्यांनीं आपला मुलगा नवे डबे मळवीत बसलेला पाहिला. कित्येक दिवस ते कांहीं बोलले नाहींत. मग एकदां म्हणाले, "अरे, मळवायला कारागीर कशाला हवा? तें काम गाडी आपलें आपण करते." मीं उत्तर दिलें नाहीं, तें देण्याजोगें माझ्यापाशीं नव्हतें.

कांहीं दिवसांनीं ते स्वतःच भिंग घेऊन शेजारीं बसले. "दाराच्या दांड्याचें काय करणार आहेस?" त्यांनीं विचारलें. "तेथें धूळ बसत नाहीं. हजारों हात लागतात. रंग झिजतो आणि आंतली धातु चकाकते. डबा आमच्याकडे आला, कीं आम्ही आधीं दांडे पाहत असूं." त्या दिवशीं मला कळलें, कीं मी ज्याला मळ म्हणत होतों, ती वस्तु कोणाच्या उपयोगीं पडली याची नोंद होती, आणि ती नोंद माझ्या वडिलांनीं जन्मभर वाचून मगच पुसली होती.

जाण्यापूर्वीं त्यांनीं दख्खनच्या राणीचा एक निळा डबा स्वतः रंगविला. त्याची सोनेरी रेघ एका ठिकाणीं किंचित् कांपली आहे. ती नव्यानें ओढून देण्याची तयारी एका स्नेह्यानें दाखविली. मीं नको म्हटलें. त्या डब्यावर मीं धूळहि चढविलेली नाहीं. मात्र दिवाळींत तो रुळांवर येतो, आणि माझी मुलगी तो उचलतांना नेहमीं दारापाशींच धरते. तेथला निळा रंग अलीकडे थोडा विरळ झाला आहे. तो मी भरणार नाहीं.