अडुळशाची पाने

७ जानेवारी, फोंडा
शेजारच्या काकींच्या परसातून अडुळसा आणला. पांढरी फुलं आलीत, आत जांभळट रेघा. ओळखीत चूक व्हायला नको म्हणून फुलोऱ्यातच तोडला. पानं २०० ग्रॅम. हिरवं पान कितीही ठेचलं तरी रस निघेना, नुसता चिकट लगदा. काकी हसल्या, "वाफयल्या बगर रोस येना गो." इडलीपात्रात वाफवून पिळली आणि वाटी भरली. वैद्यांच्या पुटपाकामागेही हीच युक्ती.

१६ जानेवारी
उरलेली पानं माळ्यावर सावलीत सुकवली. भुकटी मिथेनॉलमध्ये तीन दिवस भिजवून गाळली. ड्रागेनडॉर्फ अभिकर्मकाचा थेंब पडताच नारिंगी साका. अल्कलॉइड आहे, पण ते अडुळशातलं वॅसिसिनच, हे एवढ्यावरून म्हणता येत नाही.

२० जानेवारी
आगरच्या बशीत स्टॅफिलोकोकस पसरून ३७ अंशांवर रात्रभर ठेवला होता. सकाळी अर्काच्या खळग्याभोवती १४ मिलिमीटरचं स्वच्छ कडं! माझ्या विद्यार्थिनीने फोटो स्टेटसलाही टाकला. मग शेजारच्या खळग्याकडे लक्ष गेलं. तिथे नुसतं मिथेनॉल, आणि कडं १३. जंतू मिथेनॉलने मारले होते. चूक माझीच, अर्क पुरता न आटवता ओतला. फोटो काढून टाकायला लावला.

२३ जानेवारी
अर्क आटवला, काळपट चिकट गोळा डीएमएसओ या द्रावकात विरघळवून पुन्हा बशी लावली. कडं ८. खळगाच ६ चा. वहीतला 'प्रभावी' हा शब्द खोडला.

पण काकींनी कधी जंतू मरतात असं म्हटलं होतं? त्या म्हणतात, कफ सुटतो. साठच्या दशकात बाजारात आलेलं ब्रोमहेक्झिन हे औषध वॅसिसिनच्याच घडणीवरून बेतलेलं, आणि तेही कफ पातळ करणारंच. माझ्या बशीत कफ कुठे होता? परीक्षा भलत्याच विषयाची घेतली आणि पानांना नापास करायला निघाले होते.

२५ जानेवारी
काकींची सून सहा महिन्यांची गरोदर, रात्रभर खोकतेय. काकी तिला अडुळसा देतील या धास्तीने मी धावतच गेले, कारण वॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं. जम्मूच्या तेव्हाच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत त्यावर बरंच काम झालंय. चुलीवर नुसतं मीठपाणी तापत होतं. पोटुशीला अडुळसा त्या देतच नाहीत, त्यांच्या सासूनेही कधी दिला नाही. सुनेला दुपारी डॉक्टरकडे नेलं.

घरात कुणी गरोदर असेल तर तिला अडुळशाचा काढा देऊ नका.