धवयी

आमची बकरी सुरती होती आणि आम्ही खानदेशी. म्हणजे परगावचे आम्ही, ती नव्हे. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक असावं. दावं माझ्या हातात होतं, पण वाट तिनं काढली. आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबली आणि आत कोण आहे ते मान वाकडी करून बघू लागली. आत आई होती.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी यंदा ‘माझ्या आयुष्यातली महत्त्वाची व्यक्ती’ या विषयावर लेख मागवलेत. लिंबायत, उधना, डिंडोलीकडं हिंडलं तर आपण सुरतेत आहोत की नंदुरबारात असा प्रश्न पडावा, इतकी आपली माणसं तिथं. त्यांतले निम्मे आईवरच लिहिणार हे उघड आहे. मीही बसलो होतो लिहायला. ‘कष्टाळू’ आलं, ‘मायाळू’ आलं, ‘सोशिक’ आलं. तीन शब्दांत ती कुणाचीही आई झाली, माझी राहिली नाही. बकरीवर लिहायला घेतलं तेव्हा हे शब्द आपोआप गळाले, कारण त्यांतला एकही बकरीला लागू पडत नाही.

भूकंप झाला त्या वर्षी, 2001 मध्ये, वडील गेल्यावर मी आईला शहादा तालुक्यातल्या गावाहून हजीऱ्याला आणलं. हजीरा म्हणजे तापीच्या मुखाशी, उजव्या तीरावरची चिंचोळी, खाऱ्या वाऱ्याची जमीन. 1980च्या दशकात इथं मुंबईजवळच्या समुद्रातला गॅस नळांनी येऊ लागला, ओएनजीसीचा प्रकल्प उभा राहिला, कृभकोचा खत कारखाना आला. मग पोलाद, पेट्रोकेमिकल, अवजड यंत्रं. इथूनच निघालेली वायुवाहिनी पार उत्तर प्रदेशात जगदीशपूरपर्यंत जाते. मी एका कारखान्यात फिटर. मोरा गावात खोल्यांची एक रांग होती, तिच्यातली शेवटची आमची. शेजारी ओडिशाचे, बिहारचे, उत्तर प्रदेशचे तरुण; तीन पाळ्यांत कामाला जाणारे आणि उरलेल्या वेळात झोपणारे. रात्री कारखान्याच्या उंच नळीवर ज्योत जळायची. आईनं पहिल्या रात्री ती पाहिली आणि विचारलं, “हाई चूल कोनी शे?”

आईला गुजराती येत नव्हतं. शेत नाही, विहीर नाही, ओळखीचं दार नाही. ती पायरीवर बसून राही आणि मी कामावरून आलो की दिवसभराचं न बोललेलं सगळं एकदम बोले. बकरीची कल्पना तिचीच. मी म्हणालो, सुमूलच्या दुधाच्या पिशव्या कोपऱ्यावर मिळतात, बकरी कशाला? ती म्हणाली, पिशवी बोलत नाही.

हळपतींच्या फळियात, म्हणजे वस्तीत, एका बाईकडं बकरी विकाऊ होती. आईचं अहिराणी तिला कळेना, तिचं गुजराती आईला. आईनं काही न विचारता बकरीचा ओठ वर केला, दात पाहिले, दोनदाती आहे ते बोटांनी दाखवलं. कासेला हात लावला, दोन्ही सडांतून एकेक धार काढून तळव्यावर पाहिली. खूर उचलून दाबला. मग शेपटीखाली पाहून पोटावर कान ठेवला. ती बाई हसली आणि तिनं सांगितलेला भाव स्वतःच खाली आणला. माहीतगाराशी घासाघीस करण्यात अर्थ नसतो, हे दोघींनाही कळत होतं.

बकरी पांढरी शुभ्र, केस आखूड आणि चकचकीत, कान मध्यम लांबीचे, शिंगं छोटी, मागं वळलेली. आईनं तिला धवयी म्हटलं. आपल्याकडं ढवळीची धवयी होते. फळियातल्या बाया तिला धोळी म्हणत. ती दोन्ही हाकांना यायची, म्हणजे हाकेमागं खायला काही असेल तर.

सुरती जात दुधाला चांगली. ऐन भरात असताना दोन वेळचं मिळून दोन लिटरला कमी पडत नसे. पण या जातीची एक खोड आहे: तिला लांब चालवत नाही. ती बांधून, जागेवर चारा घालून पाळायची. खानदेशातल्या रानशेळ्या दिवसभर कडेकपारी हिंडून पोट भरून येतात, मालकिणीनं नुसतं संध्याकाळी दार उघडायचं. इथं उलटं झालं. धवयी सावलीत बसून रवंथ करणार आणि पाला आणायला आई हिंडणार.

आईचं हजीरा असं सुरू झालं. पहिल्या पावसाळ्यापर्यंत तिला कोणत्या बांधावर शेवरी आहे, कुणाच्या परसात सुबाभूळ वाढली आहे, खाडीकडच्या वेड्या बाभळीच्या शेंगा कधी पिकून गळतात, हे सगळं माहीत झालं. कारखान्यांच्या भिंतीला लागून झाडांचे हिरवे पट्टे राखलेले असतात. त्यांची छाटणी कोणत्या वारी होते याचा पत्ता मला, आत काम करणाऱ्याला, नव्हता, आईला होता. माळी तिच्यासाठी फांद्या बाजूला काढून ठेवत. गेटवरचा पहारेकरी, जो मला ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नसे, तो आईला बसायला खुर्ची देई आणि म्हणे, “माशी, धोळी केम छे?” माशी म्हणजे मावशी. आधी बकरीची चौकशी, मग आईची. तिच्या तोंडी गुजराती आलं ते असंच: झाडांची नावं आधी, माणसांची मग. त्यातही सुरती गुजराती, सारूला हारू म्हणणारं. ‘हारू शे’ हे तिचं उत्तर फळियात अजून चालतं. त्यातलं हारू सुरतेचं आणि शे खानदेशाचं.

बोरीच्या पाल्यासाठी ती एकदा माझ्याबरोबर सायकलवर सुवाळीपर्यंत आली. किनाऱ्यावर मी तिला माहिती सांगितली, की 1612 मध्ये या पाण्यात इंग्रजांची आणि पोर्तुगिजांची लढाई झाली, टॉमस बेस्ट नावाचा कप्तान जिंकला आणि त्यानंतर सुरतेत इंग्रजांच्या वखारीचे पाय रोवले गेले. तीन वर्षांनी त्यांचा वकील टॉमस रो इथंच उतरला आणि जहांगिराच्या दरबारी गेला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, एवढे महिने पाण्यावर काढायचे तर दूध कुठून आणत होते? मला उत्तर आलं नाही. पुढं केव्हातरी वाचनात आलं, की त्या काळच्या लांबच्या सफरींत जहाजांवर दुधासाठी शेळ्या नेत. आईला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

धवयीचा स्वभाव गोड होता असं मी लिहिणार नाही. ती कागद खायची. खोलीमालकानं भिंतीवर लावलेली भाडेवाढीची नोटीस तिनं खाल्ली तेव्हा साऱ्या रांगेनं तिला केळीची सालं खाऊ घातली. वाळत घातलेले पायमोजे चघळायची. दूध फक्त आईला काढू द्यायची, तेही आई डाव्या अंगाला बसली तर. आईला ताप आला तेव्हा मी तिचं लुगडं डोक्यावरून घेऊन बसलो. गावाकडं ही युक्ती चालते म्हणून ऐकलं होतं. धवयीनं मान वळवली, लुगड्याचा वास घेतला, मग माझा घेतला. पुढच्या क्षणी भांडं एकीकडं, मी एकीकडं आणि मांडीत शिंग. खोलीत तापानं फणफणलेली आई हसत होती. शेवटी तिलाच उठून यावं लागलं.

ती व्यायली की दोन करडं, क्वचित तीन. पाटी असली तर फळियात कुणाला तरी अर्धलीनं द्यायची, म्हणजे पाळायचं त्यांनी आणि पुढची पिल्लं वाटून घ्यायची. बोकड असला की बकरी ईदेच्या आधी विकायचा. माझी मुलगी दर वेळी रडे. आई तिला जवळ घेई, पण बोकड परत आणत नसे. ‘बोकड विकवत नसेल त्यानं बकरी पाळू नये,’ एवढंच म्हणे. बोकड गेल्यावर धवयी दोन दिवस वरच्या पट्टीत ओरडे, आणि त्या दोन दिवसांत आई पाल्याला जात नसे. तिच्याशेजारी गोणपाटावर बसून तांदूळ निवडायची, आधीच निवडलेले असले तरी.

ऑगस्ट 2006चा पूर सुरतेत कुणाला सांगावा लागत नाही. उकाईतून सोडलेलं पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेलं. त्यात नारळी पौर्णिमा तोंडावर, म्हणजे समुद्राला उधाणाची भरती. नदीला उतरायला जागाच मिळेना. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. आमचा शहराशी रस्ता तुटला. भाजी नाही, दुधाची गाडी नाही, वीज नाही, फोन नाही. आईनं धवयीला खोलीत घेतलं. कॉटच्या एका पायाला ती बांधलेली आणि कॉटवर आम्ही.

सकाळी आईनं धार काढली आणि भांडं घेऊन रांगेत निघाली. पहिलं माप ओडिशाच्या जोडप्याच्या लेकराला, दुसरं एका आजारी पोराला, उरलेल्याचा चहा. दर दाराला घोट-घोट चहा पोचला. त्या पोरांतल्या बऱ्याच जणांनी तोवर आईकडं नीट पाहिलंही नव्हतं. रस्ता उघडेपर्यंत ते कंबरभर पाण्यातून जाऊन मिळेल त्या फांद्या तोडून आणत होते. कोणता पाला चालतो आणि कोणत्यानं पोट फुगतं ते आई दारात उभी राहून एकेकाला समजावत होती, तिच्या भाषेत, आणि ते समजत होते. पाण्याबद्दल तिचं म्हणणं वेगळंच होतं. प्रकाश्याच्या घाटावरून पुढं गेलेली तापीच उकाईत अडते आणि इथं येते. ‘आपल्याकडलंच पाणी आहे,’ ती म्हणे, ‘घर शोधत आलं असेल.’

त्यानंतर रांगेत तिला नाव मिळालं, बकरीवाली माशी. पुढं काही वर्षांनी पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की शहरातून मोटारी येऊ लागल्या. बकरीच्या दुधानं रक्तातल्या पेशी वाढतात अशी समजूत पसरली होती. डॉक्टर सांगत होते की याला पुरावा नाही. कच्चं दूध पिऊन दुसराच रोग होईल हेही सांगत होते. घाबरलेला माणूस ऐकत नाही. एक गृहस्थ पावशेराला पाचशे रुपये द्यायला तयार झाले. आईनं दूध उकळून दिलं, नेहमीच्याच भावानं पैसे घेतले आणि बजावलं, की औषध डॉक्टरचंच घ्या, हे नुसतं दूध आहे. मी म्हटलं, देत होते तर घ्यायचे. ती म्हणाली, भाव बकरी ठरवते, ताप नाही.

धवयी म्हातारी झाली ती आधी दातांत. मग कास सुकली. सिमेंटच्या अंगणात राहून खूर वाढत, ते आई धारदार सुरीनं कापून नीट करी. शेवटी ती खूर उचलून द्यायलाही आढेवेढे घेऊ लागली. आई भाकरी भिजवून, शेंगा कुटून तिला भरवू लागली. लोक विचारत, आता कशाला ठेवलीस? खाटकाकडं चार पैसे येतील. बोकड विकताना कधी डोळ्यांत पाणी न आणलेली बाई या प्रश्नावर चिडे. ‘ती कामाला होती इतकी वर्षं,’ म्हणे. ‘तुमच्या कंपनीत रिटायर झालेल्याला खाटकाकडं देतात का?’

2013च्या थंडीत ती गेली. रात्री बसली ती सकाळी उठली नाही. जिच्याकडून विकत घेतली होती तिच्याच परसात खड्डा केला, मीठ घालून पुरली. त्या बाईनं आणि आईनं मिळून माती लोटली. एव्हाना दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं.

मला वाटलं होतं आई पुन्हा पायरीवर बसेल. तसं झालं नाही. पाल्याच्या वाटा तिच्या पायांना पडलेल्या होत्या. पाला नको असला तरी ती त्या वाटांनी जात राहिली. अर्धलीनं दिलेल्या पाटींची पोरं-नातवंडं आज मोऱ्यात अनेक दारांशी बांधलेली आहेत. कुणाची बकरी फुगली की आईला बोलावणं येतं. ती आधी बकरीला उभी ठेवायला सांगते, गोडेतेल पाजते, डाव्या कुशीवर चोळते, आणि तासाभरात उतार पडला नाही तर सरकारी पशुदवाखान्यात पिटाळते. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचायला पथक येतं, तेव्हा फळियात दवंडी पिटायचं काम तिचंच. मी पाव शतक हजीऱ्यात आहे. माझी ओळख मात्र अजून ‘माशीचा मुलगा’ अशीच करून देतात.

हा लेख आईला वाचून दाखवला. तिनं पुष्कळ दुरुस्त्या सांगितल्या. पहिल्या वेताला करडं दोन नव्हती, तीन होती. नोटीस खाल्ली ती दिवाळीत नाही, होळीत. गेटवरचा पहारेकरी आधी चहा विचारी, मग बकरी. वेतांचा हिशेब आणि नोटिशीचा महिना मी गाळून टाकला, पहारेकऱ्याचं मात्र तसंच ठेवलं. आणखी एका गोष्टीवर तिचं-माझं जमलं नाही. धवयीनं जन्मात कुणाला शिंग मारलं नाही, असं तिचं म्हणणं आहे. तू लुगडं नीट नेसला नव्हतास, म्हणून पडलास. ते वाक्यही मी बदललेलं नाही. माझ्या मांडीवर व्रण आहे.