चारशेचे इंजिन नव्याने बांधताना

होंडाने १९९९ साली आणलेल्या टीआरएक्स ४००ईएक्स या एटीव्हीचे इंजिन एक सिलिंडरचे, फोर स्ट्रोक आणि हवेवर थंड होणारे आहे. एक्सआर४००आर या मोटरसायकलच्या इंजिनाशी त्याचे जवळचे नाते. बोअर ८५ मिमी, स्ट्रोक ७० मिमी, क्षमता ३९७ सीसी, कॉम्प्रेशन रेशो ९.१. पुढे पाण्यावर थंड होणाऱ्या ४५० सीसी गाड्या आल्या आणि शर्यतीत ते मागे पडले. पण अमेरिकेत या जुन्या गाड्या अजून फिरतात, सुटे भाग मुबलक आहेत आणि रेडिएटर, पंप, होसपाइप अशी कटकट नाही. थोड्या पैशांत जास्त ताकद काढू पाहणारा मेकॅनिक म्हणूनच या इंजिनाकडे वळतो.

काम सुरू होते ते इंजिन उघडण्याच्या आधी. वर्षानुवर्षे धूळ खाल्लेल्या इंजिनाने मूळची बरीच ताकद गमावलेली असते आणि ती परत मिळवणे सर्वांत स्वस्त पडते. कॉम्प्रेशन गेज लावून आकडा घ्यावा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्यावा. आकडा चढला तर दोष रिंग आणि बोअरचा. जागचा हलला नाही तर संशय व्हॉल्ववर. हेड उतरवल्यावर पोर्टमध्ये थोडे पेट्रोल ओतून ठेवले की सीटवर न बसणारा व्हॉल्व आपण होऊन कळतो. एअर फिल्टरच्या आतल्या बाजूला धूळ दिसली, तर रिंग का झिजल्या याचे उत्तर तिथेच मिळते. फिल्टर न बदलता नवा पिस्टन घालणे म्हणजे पैसे वाळूत ओतणे.

खर्चाचा खरा निर्णय पिस्टनवर नाही, क्रँकवर ठरतो. कनेक्टिंग रॉड वरखाली ओढून पाहिल्यावर बिग एंडला जरासा जरी ठोका जाणवला, तरी क्रँक बाहेर काढणे भाग आहे. हा क्रँक प्रेसने जोडलेला असतो. तो सोडवून नवा रॉड व बेअरिंग घालायचे आणि दोन्ही बाजू मिमीच्या शंभराव्या हिश्शांत एका रेषेत आणायच्या, हे काम घरच्या हातोड्याचे नव्हे. बजेटचा मोठा वाटा इथेच संपतो. मग बोअर बराच वाढवण्याचा हट्ट सोडून पुढच्या ओव्हरसाइज पिस्टनवर समाधान मानावे. ढिल्या रॉडवर जास्त ताकदीचा पिस्टन बसवणे ही काटकसर नाही.

क्रँक धड निघाला तर बोअरचा विचार करता येतो. बाजारात ८७ मिमी आणि ८९ मिमीचे पिस्टन रूढ आहेत. पहिल्याने क्षमता ४१६ सीसी होते, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास वाढ. दुसऱ्याने सुमारे ४३५, म्हणजे जवळपास दहा टक्के. (विक्रेते या दुसऱ्याला बेधडक ४४० म्हणतात, स्ट्रोक ७० मिमीच असेल तर गणित तिथवर पोचत नाही.) हेड आणि पिस्टनचा आकार मूळचाच धरला, तर ज्वलनकक्ष सुमारे ४९ सीसीचा राहतो आणि नुसत्या बोअरमुळे कॉम्प्रेशन अनुक्रमे साडेनऊच्या आसपास आणि पावणेदहाच्या पुढे जाते. पण स्लीव्ह चहूबाजूंनी पातळ होते: ८७ ला एक मिमी, ८९ ला दोन. पातळ स्लीव्ह तापल्यावर गोल राहत नाही आणि गोल न राहिलेल्या बोअरमध्ये रिंग नीट टेकत नाहीत. शिवाय जास्त पेट्रोल जळते त्या प्रमाणात उष्णता वाढते आणि ती बाहेर टाकणाऱ्या फिन्स तेवढ्याच राहतात. पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. बाकीची एक्झॉस्ट, फिन्स आणि ऑइल यांनाच वाहून न्यावी लागते.

हाच हिशेब कॉम्प्रेशनला लागू आहे. रेशो ९.१ वरून ११ वर नेला तर कागदावर कार्यक्षमता पाच टक्क्यांनी वाढते. बदल्यात स्टार्टरवर ताण येतो आणि नॉकिंगची भीती वाढते, त्यामुळे वरच्या दर्जाचे पेट्रोल लागते. इथे भारतीय वाचकाची फसगत होऊ शकते. अमेरिकन पंपावरचा ९१ ऑक्टेन हा आकडा दोन मापनपद्धतींची सरासरी असतो आणि आपल्याकडच्या आरओएन मापात तो ९५ च्या आसपास पडतो. अमेरिकन पुस्तकातला आकडा पाहून ९१ आरओएनचे पेट्रोल भरलेले हाय-कॉम्प्रेशन इंजिन चढावर खडखडणारच.

बोअरिंगला सिलिंडर पाठवताना पिस्टन सोबत द्यावा. कारागिराने तो मोजून, पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेली फट ठेवूनच बोअर करावा. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, त्याला फट जास्त लागते. मूळ पिस्टनची फट त्याला दिली तर इंजिन जाम. होनिंगच्या तिरक्या रेघा ऑइल धरून ठेवतात आणि रिंग बसवतात. पण त्याच रेघांत दगडाची भुकटी अडकते आणि पेट्रोलने ती निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश हेच तिचे औषध. त्यानंतर ऑइल लावलेले पांढरे फडके आतून फिरवावे. ते करडे निघते तोवर पुन्हा धुवावे. ही पायरी फुकटची आहे आणि सर्वाधिक वेळा हीच गाळली जाते. रिंग बोअरमध्ये चौरस बसवून तोंडाची फट फीलर गेजने पाहावी: दर इंचाला चार थाऊ (हजारांश इंच) या ढोबळ नियमाने ८७ मिमीला साधारण ०.३५ मिमी. फट थोडी जास्त झाली तर फारसे बिघडत नाही. कमी पडली तर तापलेल्या रिंगची टोके एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरखडतो.

हेडमध्ये व्हॉल्व सीट, गाइड आणि सील नीट करून घ्यावेत. जास्त लिफ्टचा कॅम घालायचा तर पिस्टनवर मातीचा गोळा दाबून व्हॉल्वची वाट मोजावी लागते. अशा कॅमचा फायदा मुख्यतः वरच्या आरपीएमला मिळतो. वाळूत किंवा पायवाटेवर गाडी हाकणाऱ्याला तो क्वचितच जाणवतो. कॅम चेन आणि टेन्शनर मात्र याच वेळी बदलावेत.

एअरबॉक्सचे झाकण काढून मोकळा सायलेन्सर लावला की इंजिन जास्त हवा घेते, पण जेट जुनाच राहिला तर मिश्रण लीन होते आणि तापमान चढते. म्हणून मेन जेट मोठ्या मापापासून सुरू करून एकेक माप खाली यावे. उलट क्रमाने जाणारा चाचणीच्या पहिल्याच दिवशी पिस्टन वितळवू शकतो.

पहिल्यांदा सुरू करताना ऑइल हेडपर्यंत पोचल्याची खात्री करावी. इंजिन ड्राय संपचे असल्याने ऑइलची पातळी गार इंजिनावर खरी कळत नाही. थोडा वेळ चालवून, बंद करून लगेच पाहावी. नंतर इंजिन तापवणे आणि पूर्ण गार होऊ देणे हे काही वेळा करावे, थ्रॉटल कमीजास्त करत चालवावे, ऑइल लवकर बदलावे आणि टॅपेट गार इंजिनावर पुन्हा सेट करावेत. दीर्घकाळ वापरायच्या गाडीला ८७ मिमीचा पिस्टन, माफक कॉम्प्रेशन आणि अचूक जेटिंग पुरते. ८९ मिमी शर्यतीपुरते ठीक. रोजच्या वापराला ते घेऊ नये.