दुष्काळात घेतलेली गाडी

आण्णा माझ्या गाडीत पहिल्यांदा बसले ते पेंडीच्या पोत्यांसाठी. तोवर चार महिने गाडी दिसत नसल्यासारखंच त्यांचं वागणं होतं.

२०१९च्या फेब्रुवारीत मी टिगोर जेटीपी घेतली. टाटा मोटर्सनं कोइमतूरच्या जेयमबरोबर मिळून काढलेली ही गाडी. साध्या टिगोरचंच अंग, पण आत १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद ११४ पीएस. बॉनेटवर हवेला वाट आणि साध्या टिगोरपेक्षा ४ मिलिमीटरनं खाली. मास्तरच्या पगारात बसणारी पळणारी गाडी मला तेवढीच दिसली. लहानपणी एसटीच्या खिडकीत बसून मी मनातल्या मनात गाड्या पळवायचो. ती खोड पस्तिशीतही गेली नव्हती.

गाडी दारात आली. आईनं ओवाळलं. आण्णा गोठ्यातनं बाहेर आले, चाकांकडं बघितलं आणि म्हणाले, "लई खाली हाय. घासंल." परत आत गेले.

आटपाडी तालुक्यातल्या आमच्या गावाला तेव्हा टँकर येत होता. आण्णा बैलजोडी विकायच्या विचारात होते, हे मला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मी विचारलंच नव्हतं. वैरण नाही म्हटल्यावर सगळ्यांनीच जनावरं बाजारात काढलेली. भाव काय मिळणार? जोडी गेली त्या दिवशी मी शाळेत होतो. संध्याकाळी आलो तर दावण रिकामी.

"आण्णा, मला सांगायचं तरी."

"तुझा हप्ता हाय की," ते म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

उन्हाळ्यात उरलेली गाय आणि दोन म्हशी चारा छावणीला नेल्या. आण्णाही तिथंच राहिले. मी रोज संध्याकाळी डबा घेऊन जायचो. गाडी अलीकडं बाभळीच्या आडोशाला लावायची आणि पुढं चालत जायचं. हाडं वर आलेल्या जनावरांच्या रांगेतनं ती लालभडक गाडी न्यायची छाती होत नव्हती.

जूनच्या सुरुवातीला म्हैस व्यायली. पेंड पुरेना. "चल, आटपाडीला जाऊन येऊ," म्हणत आण्णा उठले आणि थेट बाभळीकडं चालायला लागले. गाडी कुठं लावतो ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

जाताना रस्ता मोकळा होता. मी स्पोर्ट मोडचं बटण दाबून तिसऱ्या गिअरवर जोर दिला. टर्बोनं ओढ घेतली, तशी आण्णांनी वरची मूठ घट्ट धरली. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "सर्जा असाच निघायचा. शर्यतीला बंदी आली, न्हायतर पळवला असता त्याला." शर्यतीची हौस त्यांनाही होती, हे मला त्या दिवशी कळलं.

४१९ लिटरच्या डिकीत दोन पोती बसली, तिसरं मागच्या सीटवर. येताना गाडी दबली आणि गतिरोधकावर खालनं खर्रकन वाजलं. "सांगितलं नव्हतं?" आण्णा म्हणाले. हसले म्हणायलाही हरकत नाही.

२०२०मध्ये ही गाडी निघायची बंद झाली. मुळातच थोड्या निघालेल्या, त्यामुळं कधी कधी कुणी शहरातला हौशी पोरगा थांबवून विचारतो, विकता का? मी रोज तिच्यातनंच शाळेला जातो. लिटरला चौदाच्या आसपास जाते. डिकीत कधी वह्यांचे गठ्ठे, कधी डाळिंबाचे कॅरेट. पेंडीचा वास अजून पुरता गेलेला नाही.

छावणी उठल्यानंतर एका दुपारी आण्णा म्हणाले, "उन्हात कशापायी ठेवतोस? गोठ्यात लाव."

बैलांच्या जागेत गाडी बरोब्बर बसते. खुंटे मात्र त्यांनी काढलेले नाहीत, मीही काढा म्हटलं नाही. मागं घेताना तेवढं जपावं लागतं.