चेरीच्या पायवाटेवर

मार्गदर्शक या जमातीविषयी मला कधीच फारसे प्रेम नव्हते. वसईच्या किल्ल्यात लहानपणापासून हिंडलेला माणूस मी. आपल्याच पडक्या चर्चच्या भिंतींविषयी कुणा परक्याने पाठ केलेली वाक्ये म्हणून दाखवावीत आणि त्यांतली निम्मी चुकीची असावीत, हा अनुभव गाठीशी होता. त्यामुळे भूतानच्या सहलीत आठही दिवस मार्गदर्शक सोबत राहणार, हे ऐकून मी मनातून थोडा खट्टूच झालो होतो.

२०२३ सालच्या नोव्हेंबरात आम्ही नऊ जण बागडोग्र्याहून जयगावला पोहोचलो. बहुतेक सारे निवृत्त, गुडघ्यांची तक्रार सर्वांचीच. जयगाव आणि फुंत्शोलिंग यांच्यामध्ये एक भिंत आणि एक वेस आहे. अलीकडे हॉर्न, धूळ आणि फेरीवाल्यांचा गलका, पलीकडे एकाएकी शांतता. वेशीजवळ गुडघ्यापर्यंतचा ‘घो’ नेसलेला एक तरुण हात जोडून उभा होता. तोच आमचा मार्गदर्शक. हिंदी अस्खलित बोले, मला ‘सर’ आणि माझ्या पत्नीला दुसऱ्याच दिवसापासून ‘आंटी’ म्हणू लागला. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

थिंफूपर्यंतचा रस्ता घाटाघाटांतून चढत जातो. हा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेने साठच्या दशकात बांधला. त्याआधी सरहद्दीवरून वर यायचे तर खेचराच्या पाठीवर किंवा पायी दिवसच्या दिवस लागत. १९५८ मध्ये पंडित नेहरू आले तेही सिक्कीममधून, चुंबी खोऱ्याच्या वाटेने, काही अंतर घोड्यावर बसून. आम्ही मात्र गाडीत बसूनही कंबर धरून बसलो होतो!

भूतानविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते सर्व त्या तरुणाने नीट सांगितले. २०१७ च्या जनगणनेनुसार साऱ्या देशाची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आत. आमच्या वसई-विरार शहराची २०११ मध्येच बारा लाखांवर गेली होती. देशाचा किमान साठ टक्के भाग जंगलाखाली राहिलाच पाहिजे, असे २००८ च्या राज्यघटनेत कलम आहे. गांगखर पुएन्सुम हे ७,५७० मीटर उंचीचे शिखर आजही कुणी सर केलेले नाही, आणि २००३ पासून तिथे गिर्यारोहणच बंद असल्याने ते तसेच राहील. फोब्जिखाच्या खोऱ्यात हिवाळ्यात तिबेटहून काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. त्यांना अडथळा नको म्हणून तिथल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. हे ऐकताना आमच्या वाड्यांतल्या बुजवलेल्या बावखलांची आठवण होऊन मी गप्प झालो. आपण पाणी राखले नाही, त्यांनी पक्ष्यांसाठी आकाश राखले.

सहलीचा सर्वांत प्रसिद्ध टप्पा म्हणजे पारोजवळचा तक्त्संग मठ. कड्याला चिकटलेला, ३,१२० मीटर उंचीवरचा. १६९२ मध्ये बांधलेला हा मठ १९९८ च्या आगीत जळाला आणि पुन्हा उभा राहिला. चढण दमवणारी आहे, शेवटी शेकडो पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात. आमच्यातले दोघे चहाच्या विसाव्यावरच थांबले. त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेलीच असतात, म्हणून अधिक लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते चेरीविषयी.

थिंफूच्या उत्तरेला, जिथे मोटारीचा रस्ता संपतो, तिथे नदीवर छप्पर असलेला एक लाकडी पूल आहे. पूल ओलांडला की देवदाराच्या सावलीतून तासाभराची चढण, आणि वर चेरीचा मठ. १६२० मध्ये शबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी तो बांधला. भूतान एक देश झाला तो त्यांच्यामुळे. वाटेत घोरल नावाचे रानबकरे माणसाला न बुजता चरत होते. एका खडकाच्या कपारीत मातीच्या बोटभर उंचीच्या असंख्य पिंड्या ओळीने ठेवलेल्या दिसल्या. मृताच्या अस्थींची राख मातीत मिसळून त्या करतात, असे त्याने सांगितले. माझी पत्नी तिथे जरा वेळ थांबली. तिने क्रुसाची खूण केली, त्याने टोपी काढली.

चेरीला जाण्याचा हट्ट माझा होता. १६२७ मध्ये एस्तेव्हाव काचेला आणि जुआव काब्राल हे दोन पोर्तुगीज येशूसंघीय धर्मगुरू तिबेटच्या वाटेवर असताना इथे शबद्रुंगांचे पाहुणे होते. कोचीनहून निघून बंगाल, कूचबिहार करीत ते आले. भूतानात पाऊल ठेवणारे ते पहिले युरोपीय. शबद्रुंगांनी त्यांना आपल्याजवळ ठेवून घेतले, प्रार्थनेसाठी जागा दिली. काचेलांनी इथून लिहिलेले दीर्घ पत्र आजही इतिहासकारांना मोलाचे वाटते. धर्मांतर कुणाचे झाले नाही. दोघे पुढे शिगात्सेला गेले आणि १६३० मध्ये काचेला तिथेच वारले.

या वेळी मार्गदर्शक मी होतो आणि तो ऐकत होता. बोलणे संपल्यावर त्याने विचारले, “सर, त्यांच्या घरी कुणी वाट पाहत होते का?”

इतकी वर्षे मी हा इतिहास वाचत आलो. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग तो म्हणाला, “मीही चाललोय. फेब्रुवारीत. ऑस्ट्रेलियाला.” विद्यार्थी म्हणून व्हिसा मिळाला होता. शुल्कासाठी वडिलांनी कर्ज काढले होते. कार्यालयात अजून कुणाला सांगितले नव्हते, म्हणूनच नावाचा उल्लेख टाळला. त्याच्या वर्गातले निम्मे मित्र आधीच पर्थला पोहोचले होते. गेल्या काही वर्षांत तिथले हजारो तरुण असे गेले आहेत; शिक्षक, परिचारिका, सरकारी नोकरसुद्धा. सकल राष्ट्रीय आनंदाचे तत्त्व त्याने आदल्या दिवशीच आम्हाला मनापासून समजावून सांगितले होते. मी त्याची आठवण करून दिली, आणि लगेच मला माझीच लाज वाटली. तो रागावला नाही. “ते खरे आहे, सर. पण पगारही खरा आहे.”

माझा मुलगा अकरा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. वाडीतले घर त्याच्यासाठी वाढवले होते. वरच्या खोल्यांची दारे आता नाताळआधी झाडण्यापुरती उघडतात. त्याला जा असे मी म्हटले नाही, थांब असेही म्हटले नाही. या तरुणाला तरी काय सांगणार?

मुलाशी रात्री फोनवर बोललो. त्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात, तेही भूतानचेच. दक्षिणेकडील नेपाळीभाषक. १९९० नंतर तशा लाखाच्या आसपास माणसांना देश सोडावा लागला. नेपाळमधल्या छावण्यांत त्यांची उमर गेली आणि २००७ पासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांनी त्यांना आसरा दिला. सहलीच्या कार्यक्रमात हा विषय नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तो हळूच काढला. आमचा मार्गदर्शक बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. “तेव्हा मी जन्मलो नव्हतो,” एवढेच म्हणाला. माझ्या मनातले चित्र त्या दिवसापासून थोडे बदलले. तरी तो देश मला कमी सुंदर वाटला, असे म्हणणे खोटे होईल.

परतीच्या वाटेवर, दोचुलाच्या खिंडीत, धुके इतके होते की हिमशिखरे दिसलीच नाहीत. एकशे आठ स्तूपांना प्रदक्षिणा घालताना त्याने माझ्या पत्नीला विचारले, “आंटी, मुलगा गेल्यावर आई किती दिवस रडते?”

मला वाटले, ती काहीतरी धीराचे बोलेल. ती म्हणाली, “मी तीन महिने रडले. आता फक्त त्याच्या आवडीची भाजी केली की.”

तो हसला आणि मग हसायचे थांबला.

फुंत्शोलिंगच्या वेशीपर्यंत तो आम्हाला पोहोचवायला आला. पत्नीने पिशवीतून सुकेळ्यांचे शेवटचे पुडके काढून त्याच्या हातात दिले, आईसाठी म्हणून. पिकल्या केळ्यांचे उन्हात वाळवून हे करतात, आमच्याकडे समुद्राकाठी, असे तिने समजावले. आईने अजून समुद्र पाहिलेला नाही, तो म्हणाला.

“मग तिथे पोहोचलास की आधी तिला समुद्राचा फोटो पाठव,” पत्नी म्हणाली, “आणि जेवलो म्हणून सांग.”

वेशीच्या अलीकडे आलो तेव्हा गाड्यांचा गलका सुरू झाला होता. मागे वळून पाहिले, तर तो पुडके उघडून वास घेत होता.