तापू दे

मुलं जिला गेम रूम म्हणतात, ती खोली काकूच्या तोंडी अजून मागची खोलीच आहे. ट्रॉम्बे गावठाणातलं बैठं घर. भरतीला खिडकीतून खाडीचा वास येतो, वारा फिरला की माहुलच्या रिफायनरीचा. मधोमध कॅरम, भिंतीला टीव्ही आणि त्याखाली मुलांचं प्लेस्टेशन. उरलेल्या भिंतीवर काकांचं राज्य: सागवानी फळीवर फिलिप्सचा जुना रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि त्यांनी स्वतः जोडलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. त्याला झाकण नाही. काकांनी ते कधी बसवलंच नाही.

काकांची सगळी नोकरी बीएआरसीच्या, म्हणजे इथल्या अणुसंशोधन केंद्राच्या, वर्कशॉपात गेली. तिथून घरी येऊन पुन्हा सोल्डरिंग करणारी माणसं त्या पिढीत बरीच होती. ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पायथ्याला हौसही इलेक्ट्रॉनिक्सचीच असणार. हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी 1967 साली उभी राहिली तीही ट्रॉम्बेतल्याच कामातून. लॅमिंग्टन रोडवरून एकेक सुटा भाग आणायचा, शनिवारी रात्री जोडायचा, रविवारी त्यावर भीमसेन लावायचे. अ‍ॅम्प्लिफायरमधला ईएल 84 व्हॉल्व्ह बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. एकटाच आहे, फार तर पाचेक वॉट देतो. आजचा कानाएवढा ब्लूटूथ स्पीकरही खोक्यावर याहून मोठा आकडा छापतो. पण जुन्या कागदी कोनच्या स्पीकरला पाच वॉट पुरून उरतात. गल्लीच्या तोंडाशी आलेल्या माणसाला आमच्याकडे काय चाललंय ते कळतं.

व्हॉल्व्हला घाई चालत नाही. बटण दाबल्यावर अर्धा मिनिट काहीच होत नाही. मग काचेच्या आत तार नारिंगी होते आणि आवाज लांबून चालत आल्यासारखा येतो. धाकटा पुतण्या अजूनही विचारतो, “आजोबा, बंद पडलं का?” उत्तर ठरलेलं, “तापू दे.” जून ते सप्टेंबर कॅरमचीही तीच गत. बोर्ड ओल धरतो, सोंगटी मध्येच रुसते. म्हणून डोक्यावरचा शंभरचा पिवळा बल्ब खेळाच्या आधीच लावून ठेवायचा. बोर्ड आणि व्हॉल्व्ह एकाच वेळी तापत असतात, तेवढ्यात चहा होतो. एलईडीने बोर्ड सुकत नाही, म्हणून घरात तेवढा एकच जुना बल्ब टिकून आहे.

या दोन शौकांचं एका बाबतीत मात्र अजिबात जमत नाही: बोरिक पावडर. स्ट्रायकर सरकायला ती हवीच, पण ती बोर्डवर राहत नाही. पंख्याच्या वाऱ्यावर उडते, रेकॉर्डच्या खाचेत बसते, सुईच्या टोकाला पांढरी मिशी फुटते. आवाजाच्या खुंटीत शिरली की खुंटी फिरवताना स्पीकर खरखरतो. म्हणून बोर्डवर पावडर पडायच्या आधी रेकॉर्ड लावून वर झाकण घालायचं, आणि पंखा एकवर. बाजू उलटायची तर पावडरचा हात आधी पुसायचा. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची, तेवढ्यात एखाददुसरा बोर्ड होतो. जो हरला त्याने उठून बाजू उलटायची. मला या सगळ्या सामानाचं मोल इथेच वाटतं. फोनवरची गाणी कुणाला उठवत नाहीत, त्यामुळे ती कुणाचीच नसतात. इथे मात्र गाण्यालाही पाळी असते, आणि ‘राणी गेली म्हणून मी उलटली’ असं सांगून माणूस एरवी कधी लावली नसती ती बाजूही ऐकतो.

78च्या तबकड्यांना वेगळी सुई, त्यांची खाच रुंद. पावसाळ्यात बुरशी धरते. ती ओल्या फडक्याने हलकेच पुसायची, पण स्पिरिट लावायचं नाही. जुन्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार चपडा पॉलिश करतो ते याच न्यायाने. रेडिओच्या खोक्याला जी चकाकी आहे आणि तबकडीत जी गौहर जान आहे, दोन्ही एकाच किड्याची करणी. तिचा आवाज कलकत्त्यात 1902 साली पहिल्यांदा मुद्रित झाला, आणि लाख तर आपल्याच जंगलातून जगभर जात होती.

दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत अ‍ॅम्प्लिफायर बारीक घुमतो. विजेची पन्नास आवर्तनं डायोडमधून जाताना शंभर होतात. ती गाळून घेणारा कपॅसिटर म्हातारा झाला की तीच ऐकू येतात. तो बदलता येईल, पण काका बदलत नाहीत. टाटांचं औष्णिक केंद्र इथे 1956 पासून, अप्सरा अणुभट्टी पेटली तीही त्याच वर्षी ऑगस्टात. “शेजारच्यांचा आवाज आहे,” काका म्हणतात, “येणारच.” आतलं काही बघायचं झालं तर मात्र थट्टा बंद. अडीचशे व्होल्ट असतात आत, आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतो. म्हणून एक हात खिशात घालूनच दुसऱ्या हाताने चाचपायचं, करंट छातीतून जाऊ नये म्हणून. मुलांनी ही सवय इतकी उचललीय, की मिक्सरचं बटण दाबतानाही थोरला हात खिशात घालतो.

हल्ली प्लेस्टेशनही फळीवरच्या रेडिओला जोडलंय. पाठीमागे ग्रामोफोनसाठी दोन भोकं असतात, त्यांत वायर गेली. आमच्या रेडिओत ट्रान्सफॉर्मर आहे म्हणून हे जमलं. एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या जुन्या सेटात तो नसतो, पत्र्याच्या सांगाड्यातच वीज खेळते; तिथे हा उद्योग जिवावर बेतायचा. ज्या स्पीकरमधून काकांनी बिनाका गीतमाला ऐकली, बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन ऐकलं, त्यातूनच आता मुलांच्या लढाया होतात. बंदुका फार भारदस्त वाजतात, एखाद्या नभोनाट्यातल्यासारख्या. अडचण एकच: स्पीकर एक. शत्रूची पावलं डावीकडून येताहेत की उजवीकडून, कळायला मार्ग नाही, आणि दोघं सारखे मरतात.

“आजोबा, स्टिरिओ करा ना!”

काका खडूने फळीवर माप घेऊन मोकळे झालेत. अगदी तसाच दुसरा अ‍ॅम्प्लिफायर, दुसरा ईएल 84, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळून घ्यायचा. अडलंय ते दुसऱ्या स्पीकरच्या जागेवर. समोरच्या कोपऱ्यात ठेवायचा तर कॅरम फूटभर सरकवावा लागेल, मग भिंतीकडच्या खेळाडूचं कोपर भिंतीला लागतं. काकू म्हणते, टीव्ही हलवा. मुलं म्हणतात, त्या कोपऱ्यातला फ्रीज इथे कशाला हवाय? भिंतीकडची बाजू नेहमी काकांची असते, त्यामुळे कॅरम सरकणार नाही हे नक्की.