आईची विळी

धरमतरच्या खाडीकाठी लोखंड फार दिवस टिकत नाही. भरतीचं वारं घरात शिरलं की भिंतीतला खिळासुद्धा गंजतो. अशा गावात आईची विळी चाळीस वर्षं टिकली.

पेणच्या बाजारात तिने ती घेतली तेव्हा मी तिचा पदर धरून उभी होते. आधी तिने पाट जमिनीवर ठेवून हलवून पाहिला. डुगडुगणारी विळी बोट खाते, असं ती म्हणायची. मग पात्याला टिचकी मारून आवाज ऐकला. पातं लाकडात बसवलं होतं तिथे अंगठा दाबून फट शोधली, कारण मासळीचं पाणी त्या फटीत मुरलं की लाकूड कुजतं आणि पातं खेळायला लागतं. एवढं झाल्यावर भाव केला. नारळ-भाजीची, खवणीवाली विळी घरात होतीच. ही निव्वळ मासळीची.

जिताडा असो की निवट्या, मासळी साफ झाली की आई विळी राखेने घासायची, वास जायला चिंचेचा चोथा लावायची, धुऊन पुसून चुलीच्या उबेला वाळवायची. पावसाळ्यात वर खोबरेलाचं एक बोट. "विली वली ठेवू नको गो, मीठ लोखंड खातं," हे तर मी रोज ऐकायचे.

लग्नानंतर मी मुंबईहून स्टीलच्या सुऱ्या आणल्या. "याला गंज नाही लागत," मी ऐटीत सांगितलं. आईने त्यासुद्धा धुऊन, पुसूनच ठेवल्या. तिचं बरोबर होतं. स्टीलमधल्या क्रोमियमचा पातळ थर गंज अडवतो खरा, पण मीठ लागून राहिलं की त्यालाही बारीक टोचे पडतात. स्टीलच्या टोपात मीठ टाकायचं ते पाणी उकळून ढवळता येईल तेव्हाच, हे मी तिच्याकडूनच शिकले.

पुढे काचबिंदूने आईची नजर गेली. एकदा सुट्टीत मी पाहिलं, तर ती विळीवर बसून बोईट कापत होती. माझ्या पोटात गोळा आला. मी विळी उचलली आणि माळ्यावर टाकली. वहिनी म्हणाली, "ताई, त्यांना विचारा तरी." मी विचारलं नाही.

आई काही बोलली नाही. पण त्यानंतर ती स्वयंपाकघरात येईना. पडवीत बसून राहायची. ताट पुढे ठेवलं की दोन घास खायची आणि हात धुवायची.

गणपतीला गेले तेव्हा विळी खाली काढली. पातं लालभडक झालेलं. नारळाच्या काथ्याने, चिंच नि राख लावून मी दोन तास घासलं. धारवाल्याकडून धार लावून घेतली, कारण बोथट विळीला जोर लावावा लागतो आणि हात घसरतो. मग आईपुढे ठेवली.

तिने पाट हलवून पाहिला. पात्याला टिचकी मारली. पाठीकडून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वली ठेवलीव ना?"

मी हो म्हटलं.

गणपती गेल्यावर भावाने जिताडा आणला. आईने तो एकटीने कापला. एकही तुकडा वेडावाकडा नव्हता. मी शेजारी बसून नुसती बघत राहिले. त्या दिवशी ती पोटभर जेवली.